ज्या विश्वात दादा वाचला होता

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला चाळीसएक माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे मिटून हसत होत्या. त्यांच्या शेजारचा माणूस मान हलवून 'हो, हो' करत होता, फोनवर घरचं कुणी सामानाची यादी सांगत असावं तसा. मागे एक म्हातारे गृहस्थ तोंडावर रुमाल दाबून रडत होते. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला कुणी पुढे झालं नाही, कारण आजूबाजूचे सगळे आपापल्या आवाजात बुडालेले होते.

मी दाराशी उभी राहून पाहत होते. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिनं मला जिन्यातच बजावलं होतं की इथं 'वारले', 'गेले' असले शब्द काढायचे नाहीत, सरांना ते चालत नाही. कुणी गेलेलंच नाही, असं सरांचं म्हणणं होतं.

लोक त्यांना 'पलीकडचे सर' म्हणत. मला निदान दाढीची अपेक्षा होती, पण सर गुळगुळीत होते. फिकट निळा शर्ट, खिशाला दोन पेनं, मागे पांढरा फळा. हेडफोन उतरले, रुमाल खिशात गेले आणि सर बोलायला लागले.

"सकाळी तुम्ही चहा घेतलात. नसता घेतला तर? त्या क्षणी विश्वाला फांदी फुटली. एका फांदीवर चहा घेतलेले तुम्ही, दुसऱ्या फांदीवर न घेतलेले. दोघंही खरे. हे मी नाही सांगत, क्वांटम सांगतं. तुमचा माणूस या फांदीवर दिसत नाही, एवढंच. शेजारच्या फांदीवर तो या घडीला जेवून हात धुतोय. आणि त्याच्या शेजारी टॉवेल घेऊन कोण उभं आहे? तुम्हीच."

शेवटच्या वाक्याला हॉलमध्ये एक हलका उसासा फिरला. मी मात्र 'क्वांटम' मोजत होते. दर तिसऱ्या वाक्याला तो शब्द येई. त्याच्यावाचूनही वाक्य उभं राहिलं असतं, पण मग ते ऐकायला कुणी तिकीट काढलं नसतं. मी त्या सकाळी दोनदा चहा घेतला होता. माझ्या एकटीच्या चहापायी किती विश्वं वाढली, हा विचार माझ्या मनात आला, आणि हे दादाला सांगायला हवं, असंही आलं. असं अजून होतं. हसू आलं की आधी त्याची आठवण येते आणि मागून बाकीचं सगळं आठवतं.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आठ महिन्यांपूर्वी वारला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. कुठल्याही इमारतीत गेला की आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचा. आमच्या इमारतीत तो आणि वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. त्यांना मूल नव्हतं, माझं लग्न झालं नव्हतं. दादा दोन्ही घरांत सारखाच ये-जा करायचा, त्यामुळे ती दोन घरं आहेत हे आम्हाला कधी जाणवलं नव्हतं. तो गेल्यावर ते नीट कळलं. खाली वहिनीच्या नळाचा आवाज मला ऐकू यायचा, वर माझी पावलं तिला ऐकू जात असणार. पण एकमेकींच्या दारात आम्ही क्वचितच जात होतो. गेलं की त्याची रिकामी खुर्ची मध्ये यायची.

त्या दिवशी त्याला सकाळपासून छातीत जळजळत होतं. वहिनीनं पित्ताची गोळी दिली, थोडा वेळ पडून राहा म्हणाली आणि आंघोळीला गेली. ती बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या गोळीबद्दल ती माझ्याजवळ कधी बोलली नव्हती. बोलली ती पहिल्यांदा सरांच्या हॉलमधून आल्यावर. चेहरा उजळलेला, आवाज मोकळा. म्हणाली, "अगं, तिथं मी गोळी दिलीच नाही. तिथं मी लगेच गाडी बोलावली."

 आठ महिन्यांत ती पहिल्यांदा पोटभर जेवली होती. म्हणून तिनं 'एकदा येऊन तर बघ' म्हटलं तेव्हा मी गेले.

सरांची पद्धत अशी. आधी एक अर्ज भरायचा. आपला माणूस कोण, कसा होता, आपल्याला काय म्हणून हाक मारायचा, बोलण्यात कोणते शब्द यायचे. यावरून म्हणे त्याची कंपनं ठरतात. मग आठवडाभर सर आतल्या खोलीत यंत्र लावून शेजारच्या विश्वातून त्याचा आवाज पकडतात. पुढच्या रविवारी तुम्हाला हेडफोन मिळतो आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत तुमच्या माणसाचा निरोप लिहिलेला असतो. तो वाचायचा आणि मग ऐकायचं. चिठ्ठी कशाला, असं कुणी विचारलंच तर सर समजावत, की पहिल्यांदा कान कच्चा असतो, त्याला वाट दाखवावी लागते. घरी सरावासाठी तो आवाज तुमच्या फोनवरही घालून देत.

माझा अर्ज वहिनीनं आधीच भरून टाकला होता. माझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'टिटवे, बरी आहेस ना?'

लहानपणी मी फार बडबडायचे म्हणून दादानं मला टिटवी केलं होतं. दुसरं कुणी मला तसं म्हणत नाही.

मी हेडफोन लावला. आधी नुसती खरखर, नळातून हवा यावी तशी. तिच्या मागे कुणीतरी काहीतरी बोलत होतं, दूर, भिंतीपलीकडे. मग ते जवळ आलं. टिटवे. बरी आहेस ना.

मला ऐकू आलं. मी हे लपवणार नाही. चढ-उतार त्याचा होता, 'ना' लांबवायची लकब त्याची होती.  मी तो आवाज पुन्हा ऐकला, मग पुन्हा. वहिनी माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत 'बघ, मी सांगत नव्हते?' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

माझ्या शेजारी ओळखीचे शिंपीकाका बसले होते. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे आणि डाव्यात मीच बसवलेलं ऐकायचं यंत्र आहे. हेडफोनसाठी त्यांनी ते काढून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. डोळे मिटून ते म्हणाले, "अगदी स्पष्ट. शब्दन्‌शब्द." ज्या माणसाला मी समोर बसून म्हटलेलं दोनदा सांगावं लागतं, त्याला दुसऱ्या विश्वातलं पहिल्या झटक्यात ऐकू येत होतं.

तिथं माझ्या मनात पहिली टाचणी टोचली.

कारण माझं कामच ते आहे. सरकारी इस्पितळात कान तपासायच्या खोलीत मी सत्तावीस वर्षं बसते आहे. काचेच्या खिडकीपलीकडे बंद खोलीत पेशंट बसतो, मी अलीकडून त्याच्या कानात शब्द सोडते, आवाज हळूहळू लहान करत जाते, आणि त्यानं ते परत म्हणायचे असतात. शब्द अगदी पुसट झाले की माणूस गप्प बसत नाही, भर घालतो. सुताराला 'पाट' ऐकू येतो, नव्या आईला 'बाळ' ऐकू येतं. माझ्या यादीत मात्र 'गाळ' लिहिलेलं असतं. यात कुणी खोटं बोलत नाही. कान थोडंसंच देतो, बाकीचं डोकं पुरवतं. आणि आधी शब्द सांगून ठेवला तर निव्वळ खरखरीतही तो ऐकू येतो. म्हणून तपासणीच्या आधी पेशंटला यादी दाखवायची नाही, हा आमच्या खोलीतला पहिला नियम.

सरांची चिठ्ठी म्हणजे तीच यादी होती.

सोमवारी मी कानाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आम्ही वीस वर्षं एका मजल्यावर काम करतो. त्यांना काही न सांगता बंद खोलीत बसवलं आणि माझ्या फोनवरचा आवाज ऐकवला. त्या म्हणाल्या, कुणीतरी अंगण झाडतंय आणि लांब रेडिओ लागलाय. शब्द एकही नाही. मग मी म्हटलं, आता 'टिटवे, बरी आहेस ना' असं ऐकू येतं का बघा. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. आलं होतं, स्वच्छ. मग मी म्हटलं, थांबा, मी चुकीचं सांगितलं, त्यात 'किल्ली घरी राहिली का' असं आहे. आवाज तोच लावला. डॉक्टरीणबाईंनी हेडफोन काढला.

"किल्ली घरी राहिली," त्या म्हणाल्या. "अगदी माझ्या आईच्या आवाजात."

दोघींनाही हसू आलं नाही.

बुधवारी शिंपीकाका यंत्राची बॅटरी बदलायला आले. त्यांना मी काही शिकवायला गेले नाही. तुमचा आवाज मला तपासू द्याल का, एवढंच विचारलं. त्यांनी जरा विचार केला, म्हणाले, तपासा, खरं असलं तर टिकेलच. मी त्यांचा आणि माझा आवाज तपासणीच्या संगणकावर घेतला. तिथं आवाजाची रेघ दिसते, डोंगर-दऱ्यांसारखी. ते गेल्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. एकच. अकराव्या सेकंदाला खुर्ची करकरल्याचा आवाज होता, तोही दोन्हींत अकराव्याच सेकंदाला. माझा भाऊ आणि शिंपीकाकांची बायको शेजारच्या विश्वात एकाच खुर्चीवर बसून एकाच तोंडानं बोलत होते.

मग मला सुचलं की ही रेघ उलटी लावून पाहावी. बोलण्याचा सूर आहे पण शब्द नाहीत, असं बहुधा तेव्हा होतं जेव्हा बोलणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवलेलं असतं. मी खरखर जमेल तेवढी कमी केली, आवाज उलटा केला आणि ऐकलं. सरांचाच आवाज होता. शांत, सावकाश, प्रेमळ. ते म्हणत होते, "कपडे आत टाकल्यावर झाकण नीट बंद करा. झाकण बंद झाल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. जास्त कपडे भरू नका."

कपडे धुवायच्या यंत्राबरोबर मिळणारं माहितीपत्रक. हाताला लागलं ते त्यांनी वाचलं असणार. आणि त्यातून मला माझा भाऊ भेटला होता. खोलीत मी एकटीच होते, दार बंद होतं, बाहेरचा एकही आवाज तिथं येत नाही. तिथं बसून मी दादासाठी रडले. तो वारला त्या आठवड्यातही मी इतकी रडले नव्हते. त्या दोन-तीन दिवसांत, कबूल करायला हवं, मलाही तो थोडासा परत मिळाला होता.

त्याच संध्याकाळी मी खाली गेले आणि वहिनीला सगळं सांगितलं, उलटा आवाजही ऐकवला. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून तिनं भांडी विसळायला घेतली आणि मागे न वळता म्हणाली, "तुला कान तपासता येतात. माणूस तपासता येत नाही." सरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की जवळचीच माणसं तुम्हाला मागे ओढतील, त्यांची कंपनं जड असतात. मी तोंड उघडलं आणि सरांचं भाकीत खरं ठरलं.

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. जिन्यात भेटली तर ती भिंतीकडे सरकायची. मीही हट्टाला पेटून गेले नाही, आणि ते माझं चुकलं. कारण मला माहीत नव्हतं की तिनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. औषधानं मेंदू मंद होतो, मग पलीकडचं नीट ऐकू येत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. पुढच्या शुक्रवारी दुपारी मी अर्ध्या रजेवर घरी आले तर ती पहिल्या मजल्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. पिशवी उलटी पडलेली. मला बघून म्हणाली, "जरा दमले गं." तिचं तोंड एका बाजूला किंचित ओढल्यासारखं दिसत होतं.

थोडक्यात निभावलं. वेळेत इस्पितळात पोचलो, तोंडाचं ओढलेपण तासाभरात गेलं, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि ही धोक्याची घंटा समजा म्हणाले. पाचव्या दिवशी तिला घरी आणलं. रविवारी सकाळी ती तयार होऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, मी जाणारच, तुला यायचं तर ये. पडले तर धरायला कुणी हवं.

मी गेले. पिशवीत एक छोटा स्पीकर होता.

सरांचा चहा, फांदी, टॉवेल झाला. आज नवीन चार माणसं होती. त्यांतल्या एका तरुण बाईच्या मांडीवर लहान मुलाचा फोटो होता, पालथा घातलेला. मी उभी राहिले. मला भाषण करता येत नाही. काचेपलीकडच्या एका माणसाशी बोलायची मला सवय. मी एवढंच म्हटलं, की मी कान तपासते, आणि मला एक लहानशी तपासणी करून बघायची आहे, सरांची हरकत नसेल तर. सरांनी हसून हात पसरले. विज्ञानाला इथं कधीच ना नाही, म्हणाले.

मी शिंपीकाकांना आणि वहिनीला फोनांची अदलाबदल करायला सांगितली. वहिनीनं फोन छातीशी धरला. तेव्हा शिंपीकाका म्हणाले, "द्या ताई. मीही माझा देतोच आहे."

शिंपीकाकांनी कानातलं यंत्र खिशात ठेवून वहिनीच्या फोनवरचा आवाज ऐकला. डोळे मिटले, ओठ हलले. मग म्हणाले, "तीच आहे. 'जेवून घ्या' म्हणतेय." वहिनीनं त्यांच्या फोनवरचं ऐकलं. फार वेळ ऐकलं. हेडफोन काढून ती कुणाकडेही न बघता हळूच म्हणाली, "यातही तो मलाच बोलावतोय."

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. सर लगेच पुढे आले. दोन दुःखी जीवांचे तरंग एकमेकांत गुंतू शकतात, क्वांटममध्ये हे नेहमीच होतं, उलट हा तर पुरावाच आहे, असं ते बोलत असतानाच मी स्पीकर टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि सगळ्यांना सांगितलं, की तुम्हा सर्वांच्या फोनवर जे आहे तेच मी आता उलट्या बाजूनं लावते. कुणालाही शंका असेल तर त्यांच्या स्वतःच्या फोनवरचं लावून दाखवते.

"कपडे आत टाकल्यावर झाकण नीट बंद करा."

सरांचा आवाज सरांच्याच हॉलमध्ये घुमला. सर समोर उभे होते, तोंड बंद होतं, आणि आवाज त्यांचा होता.

"जास्त कपडे भरू नका."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. शिंपीकाकांनी हेडफोनची वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, हेडफोन खुर्चीवर ठेवला, खिशातून यंत्र काढून कानात बसवलं. ती तरुण बाई फोटो पिशवीत घालून निघून गेली. तिनं अजून काहीच ऐकलं नव्हतं. ती वाचली, असं मला वाटलं. की तिचं काही हुकलं? मला ठरवता आलं नाही.

सगळे उठले नाहीत. दहाबारा माणसं बसूनच राहिली. कुणीतरी पैसे परत मागितले, त्यावर सरांनी यंत्रात बिघाड झाल्याचं सांगितलं. ते रुमालवाले म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "माझा मुलगा आठवड्यातून एकदा बोलायचा. तुमचं काय जात होतं?"

 त्याचं उत्तर मी आजही मनात जुळवते. पायरीवर बसलेली वहिनी मला आठवते, पण ते त्यांना सांगून त्यांचा रविवार भरून आला नसता.

पुढच्या आठवड्यात हॉलला कुलूप होतं. सरांनी दुसरीकडे पाटी लावली असेल. गिऱ्हाईक संपलेलं नाही.

वहिनी मला काही बोलली नाही. अकरा दिवस. खाली नळ सुरू व्हायचा, बंद व्हायचा. मी रोज तिच्या दाराशी थांबून गोळी घेतलीस का म्हणून विचारायचे, आतून 'हो' यायचं. दार उघडायचं नाही. मी भावाला दुसऱ्यांदा घालवलं होतं आणि या वेळी तिच्या देखत.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती वर आली. बसली. तिचा पहिला प्रश्न असा होता, "मग दुसरं विश्व नाहीच का?"

मला ते विचारलं जाणार हे माहीत होतं, म्हणून मी आधीच तयारी करून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंची एक मैत्रीण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, तिला विचारून घेतलं होतं. तिनं सांगितलेलं मी वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. काही शास्त्रज्ञांच्या गणितातून अशी अनेक विश्वं निघतात, हे खरं आहे. काहींना ते पटतं, काहींना मुळीच पटत नाही. आजवर कुणी ती पाहिलेली नाहीत, आणि ती आहेत की नाहीत हे पक्कं सांगणारा प्रयोग कुणाला करता आलेला नाही. पण ज्या गणितातून ती विश्वं निघतात, त्याच गणितानुसार एकदा वेगळी झालेली विश्वं एकमेकांना निरोप पाठवू शकत नाहीत. म्हणजे विश्वं असोत की नसोत, निरोप आणून देणारा माणूस खोटाच.

वहिनी विचार करत होती. "म्हणजे असेल," ती म्हणाली. "पण आपल्या कामाचं नाही."

"असेल. मला माहीत नाही."

"आणि तिथं मी गाडी बोलावली असेल."

"तेही माहीत नाही. गाडी बोलावली असती तर तो वाचला असता का, हेसुद्धा कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टरांना विचारलं. कदाचित हो, कदाचित नाही म्हणाले. वहिनी, तुला पित्त वाटलं, त्यालाही पित्तच वाटत होतं. जेवढं कळत होतं तेवढ्यावर तू वागलीस."

ती रडेल असं मला वाटलं, पण ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि मग मी तिला ते सांगितलं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला दादानं मला फोन केला होता. मी तपासणीच्या खोलीत होते, फोन टेबलाच्या खणात. एकदाच वाजला होता. मी पाहिला तेव्हा साडेबारा झाले होते आणि तोवर वहिनीचा फोन येऊन गेला होता. त्याला दुखत असणार, त्यानं मला बोलावलं असणार, आणि मी इस्पितळात असूनही फोन उचलला नाही. मी तो रोज सकाळी दहा चाळीसला ऐकते.

वहिनीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही कळलंच नाही असा भाव होता.

"दहा चाळीसचा? अगं, मी तिथंच होते की. त्याला तुझ्याकडचा लांब स्क्रूड्रायव्हर हवा होता, पडद्याची दांडी सैल झाली होती ना. कुठं ठेवलायस ते विचारायला केला होता. तू उचलला नाहीस तर म्हणाला, टिटवी कुणाचा तरी कान पिळत असेल. आणि हसला."

"हसला?"

"हसला. जळजळ नंतर वाढली."

 आठ महिने हे वाक्य माझ्या पायांखाली, एका मजल्याच्या अंतरावर होतं. मी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. तिला गोळी छळत होती, मला फोन, आणि दोघी आपापल्या घरात दार लावून बसलो होतो. सरांना आयत्या सापडलो.

हे सगळं लिहून काढलं ते एवढ्यासाठी, की असा हॉल तुमच्याही गावात उघडेल. नाव विज्ञानाचं असेल, शर्ट इस्त्रीचा असेल. तुम्ही दुःखात असाल, आणि तुम्हाला ऐकू येईल, मलाही आलं. त्यात लाज नाही. ऐकू येणं हे मनाचं काम आहे आणि मन आपल्या माणसाला सहजासहजी सोडत नाही. पण ऐकू आलं म्हणजे कुणी बोललं, असं नव्हे. चिठ्ठी आधी वाचू नका. ज्याला काही सांगितलेलं नाही अशा दुसऱ्या माणसाच्या कानाला तो आवाज लावा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याच्या दारातून तर उलट पावली फिरा.

मुख्य म्हणजे, असलं काही एकट्यानं ऐकत बसू नका. शेजारच्या विश्वाचं राहू द्या, आधी शेजारचं दार वाजवा.